वाचकांचे प्रश्न : समुद्राचं बी, आपलं तळं

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. ऊस पिकेनासा झालेल्या क्षारपड जमिनीत कोळंबी होईल का, शेततळ्यात चोणक मासा जगेल का, बी घरीच तयार करता येईल का? सगळ्या उत्तरांना आम्ही एकच कसोटी लावली आहे. त्या प्राण्याच्या आयुष्यातला कोणता टप्पा समुद्राच्या पाण्याशिवाय पार पडत नाही? तेवढं कळलं की कोणतं काम आपल्या रानात करायचं आणि कशासाठी हॅचरी (बी तयार करणारं केंद्र) गाठायची, हे ठरवणं सोपं जातं.

प्रश्न : आठ गुंठ्यांच्या शेततळ्यात स्कॅम्पी (गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी) सोडली होती. काही महिन्यांनी बऱ्याच माद्यांच्या पोटाखाली नारिंगी अंडी दिसली. बी आयतं मिळेल म्हणून त्या माद्या काढल्या नाहीत. पण नंतर एक पिल्लू दिसलं नाही. माशांनी खाल्लं असेल का? अशा माद्यांपासून इथेच बी तयार करता येईल का?
— एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : माशांनी थोडीफार खाल्ली असतील, पण मासे नसते तरी पिल्लं वाचली नसती. स्कॅम्पी वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या अळीला मचूळ पाणी लागतं. नदीत अंड्यावर आलेली मादी म्हणूनच खाडीच्या दिशेने खाली उतरते. ही गोष्ट 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून कळली. तोवर अंडी फुटायची, अळ्या दिसायच्या आणि मरायच्या. का मरतात ते कोणालाच समजत नव्हतं. तुमच्या तळ्यातही हेच झालं. गोड्या पाण्यात फुटलेली अळी चार-पाच दिवसांच्या पुढे जात नाही.

अंड्यांचा रंग बघायची सवय ठेवा. घातल्यावर ती गर्द नारिंगी असतात, मग पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी राखाडी. राखाडी झाली की दोन-तीन दिवसांत फुटतात. 28 अंश पाण्यात हे सगळं सुमारे तीन आठवड्यांचं काम आहे. फुटलेली अळी पोट वर करून, शेपटीकडून पुढे पोहते. तिला 12 पीपीटीच्या (लिटरला साधारण 12 ग्रॅम क्षार) आसपास खारटपणा आणि 28 ते 31 अंश तापमान लागतं. अकरा अवस्था ओलांडायला तिला तीन ते पाच आठवडे जातात. त्यानंतर ती सरळ होते, कडेला चिकटते, तळाला चालायला लागते. हेच पोस्ट-लार्व्हा, म्हणजे आपण विकत घेतो ते पीएल. आता तिला हळूहळू गोड्या पाण्यात आणता येतं.

खानापुरात हॅचरी टाकणं अशक्य नाही. हजार लिटर 12 पीपीटी पाण्यासाठी 35 पीपीटीचं सुमारे 343 लिटर समुद्राचं पाणी आणि 657 लिटर गोडं पाणी लागतं. कारवारहून टँकरने पाणी आणता येईल. अडचण पुढेच आहे. लिटरला 50 ते 100 अळ्या ठेवल्या, तर रोज ताज्या फोडलेल्या आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) द्याव्या लागतात. त्या महाग असतात आणि एक दिवस जरी कमी पडल्या तरी अळ्या एकमेकींना खायला लागतात. अंड्याचं कस्टर्ड दिलं की पाणी लवकर नासतं आणि नायट्राइट चढतं. शिवाय प्रजनक माद्यांमध्ये पांढऱ्या शेपटीचा विषाणू असेल, तर तो अंड्यांबरोबर येतो आणि पीएल झाल्यावर दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. पीसीआर तपासणीची सोय जवळ नसताना हे धाडस करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा पीएल आणून दीड-दोन महिने नर्सरीत वाढवा आणि मग तळ्यात सोडा. ते काम पूर्णपणे गोड्या पाण्याचं आहे आणि जगण्याचं प्रमाण त्यानेच सर्वात जास्त सुधारतं.

तुमच्याकडची माती जांभ्याची, पाणी मऊ. कात टाकल्यावर कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं आणि ते अशा पाण्यात कमी असतं. तळं रिकामं असताना गुंठ्याला 10 ते 20 किलो शेतीचा चुना पसरा. पाण्याची अल्कलिनिटी 50 मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली जाऊ देऊ नका. तळाला नारळाच्या झावळ्या, जुनी कौलं, पीव्हीसीचे तुकडे टाका. कात टाकलेली कोळंबी मऊ असताना लपली नाही, तर दुसरी तिला खाते. सोबत कटला आणि रोहू चालतील, मृगळ आणि सायप्रिनस नकोत. ते तळाचं खाणं ओरबाडतात.

आणखी एक. चार-पाच महिन्यांनी जाळं ओढलं की निळ्या लांब नांग्यांचे मोठे नर आधी काढून विका. हे नर तळ्यात असेपर्यंत छोटे नर दबून राहतात. ते गेले की मागचे झपाट्याने वाढतात. सगळं पीक एकाच दिवशी काढलं, तर निम्मा माल बारीक निघतो आणि दोष बियाला दिला जातो. खानापूरच्या थंडीत पाणी 20 अंशांच्या खाली उतरलं की स्कॅम्पी खाणं सोडते, म्हणून डिसेंबरच्या आत तळं मोकळं होईल असा बेत करा.

प्रश्न : कृष्णाकाठची आमची जमीन क्षारपड झाली आहे. ऊस येत नाही. बोअरच्या पाण्याचा अहवाल असा आहे : ईसी (विद्युतवाहकता) 7.2 डेसीसायमन, सोडियम 1150, पोटॅशियम 8, कॅल्शियम 210, मॅग्नेशियम 150 मिग्रॅ प्रति लिटर. हरियाणात अशा पाण्यावर व्हॅनामी कोळंबी करतात असं ऐकलं. 20 गुंठ्यांत करावी का? पाणी खारट आहे, मग अजून काय लागतं?
— एक वाचक, शेडबाळ (ता. कागवड)

उत्तर : हरियाणा आणि पंजाबात क्षारपड पट्ट्यात व्हॅनामी होते, हे खरं आहे. रोहतकजवळ लाहली इथल्या सीआयएफईच्या (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या) केंद्रात यावर बरंच काम झालं आहे. पण तिथेही नुसत्या खारट पाण्यावर झाली नाही. तुमचा अहवाल नीट वाचू या, कारण सगळं त्यातच आहे.

ईसीला 0.64 ने गुणा. 7.2 चे सुमारे 4.6 पीपीटी होतात. व्हॅनामीला एवढा खारटपणा चालतो. आता समुद्राचं पाणी विरळ करून 4.6 पीपीटी केलं असतं, तर त्यात कोणता क्षार किती असता ते बघा. पीपीटीला पोटॅशियमसाठी 10.7 ने, मॅग्नेशियमसाठी 39.1 ने, कॅल्शियमसाठी 11.6 ने गुणायचं. म्हणजे पोटॅशियम 49, मॅग्नेशियम 180, कॅल्शियम 53 मिग्रॅ. तुमच्याकडे कॅल्शियम चौपट आहे, मॅग्नेशियम थोडं कमी आहे आणि पोटॅशियम मात्र फक्त 8 आहे. समुद्रात सोडियम पोटॅशियमच्या सुमारे 28 पट असतं, तुमच्या पाण्यात 144 पट. रोग इथेच आहे.

कोळंबीच्या कल्ल्यांमध्ये क्षार आत-बाहेर करणारी जी यंत्रणा असते, ती पोटॅशियमशिवाय चालत नाही. त्यामुळे असं होतं : बी सोडल्यावर चार-सहा दिवस सगळं ठीक दिसतं. मग चेक ट्रे (खाणं तपासायची तळ्यातली ताटली) उचलला की कोळंबी कमरेत वाकून ताठ होते, शेपटीचा मांसल भाग पांढरट पडतो, कात टाकलेल्या माद्या-नर मऊच राहतात. पंधरा दिवसांत तळ्यात काही उरत नाही. लोक खाद्य बदलतात, औषधं टाकतात. गरज असते पोटॅशची.

हिशोब करू. 20 गुंठे म्हणजे सुमारे 2023 चौरस मीटर, पाणी 1.2 मीटर खोल, म्हणजे साधारण 2430 घनमीटर. तूट 41 मिग्रॅ प्रति लिटर, म्हणजे घनमीटरला 41 ग्रॅम. एकूण जवळजवळ 100 किलो पोटॅशियम. खताच्या दुकानात मिळणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम अर्धं असतं, म्हणजे 200 किलो, पन्नास किलोची चार पोती. पांढरं पोटॅश घ्या, लाल विरघळायला वेळ लावतं आणि गाळ सोडतं. बॅरलमध्ये आधी विरघळवा, मग एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू असताना तळ्यात सोडा. दोन-तीन दिवसांत वाटून द्या.

मॅग्नेशियमची 30 मिग्रॅची तूट भरायची म्हटली, तर मॅग्नेशियम सल्फेट 740 किलोच्या आसपास लागेल. तो खर्च आधी करू नका. पोटॅश दिल्यावर बी जगतं का, हे टाकीत बघा. 100 लिटर बोअरच्या पाण्यात 8 ग्रॅम पोटॅश विरघळवा, हवा सोडा, 100 पीएल टाका आणि शेजारच्या टाकीत पोटॅशशिवाय तेवढेच टाका. सात दिवस खाणं देऊन मोजा. पोटॅशच्या टाकीत 80 च्या वर जगली, तर पुढे जा. एवढ्याने दोन टाक्यांतला फरक डोळ्यांना दिसतो आणि लाखभर रुपयांचं बी वाया जात नाही. पाण्यात क्लोराइड 300 मिग्रॅच्या वर आहे का तेही पाहा. सोडा चढलेलं, पीएच 8.6 च्या वरचं पाणी असेल, तर कोळंबी नको.

तुमची काळी माती पोटॅशियम धरून ठेवते. पहिला डोस दिला तरी पंधरा दिवसांनी पाण्यात निम्माही सापडत नाही, असं होतं. दर दोन आठवड्यांनी तपासा आणि वरून भर घाला. तळाला प्लास्टिक घातलं तर हा प्रश्न सुटतो आणि खारं पाणी शेजाऱ्याच्या उसात झिरपत नाही, म्हणून आम्ही प्लास्टिकच सुचवतो, 500 मायक्रॉनचं. पण क्षारपड जमिनीत पावसाळ्यात भूजल वर येतं. खड्डा खोल खणून प्लास्टिक घातलं, तर खालचं पाणी ते फुगवून वर आणतं आणि जोड उसवतात. म्हणून तळं जमिनीत कमी आणि बांध घालून वर जास्त, असं बांधा.

बाकीचं काम थोडक्यात. बी सोडण्याआधी तळं भरून 30 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर घनमीटरला 60 ग्रॅम, म्हणजे सुमारे 146 किलो द्या आणि क्लोरीन पूर्ण उडाल्यावर पोटॅशची मात्रा द्या. तळ्याभोवती दीड फूट जाळी गाडा, कारण शेतातले खेकडे पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आणतात. वर पक्ष्यांसाठी दोऱ्या ताणा.

बी फक्त कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीची नोंदणी असलेल्या हॅचरीतून घ्या. व्हॅनामी मूळ आपल्याकडची नाही, ती अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. 2009 पासून रोगमुक्त प्रजनक आणून, चेन्नईजवळच्या नीलंकराईच्या क्वारंटाइनमधून काढूनच हॅचरींना देण्याची पद्धत आहे. काही लोक तळ्यातल्याच मोठ्या कोळंब्यांपासून काढलेलं स्वस्त बी देतात. ते सगे-सोयरे आपसात जुळवलेलं, वाढीला मंद आणि बहुधा ईएचपी (एक सूक्ष्म परजीवी) असलेलं निघतं. ईएचपीमध्ये कोळंबी मरत नाही, फक्त वाढत नाही. खाद्य जात राहतं आणि तीन महिन्यांनी पाच ग्रॅमवर अडकते. म्हणून पीसीआरचा अहवाल मागा : पांढरे ठिपके, ईएचपी आणि आयएचएचएनव्ही हा आणखी एक विषाणू.

पीएल 12 च्या आतलं, म्हणजे पीएल होऊन 12 दिवस न झालेलं बी घेऊ नका, कल्ले पुरते तयार झालेले नसतात. हॅचरीलाच सांगा की पाठवण्याआधी खारटपणा 5 पीपीटीपर्यंत उतरवून द्या. तेही तासाला 4 पीपीटीपेक्षा जलद नको आणि 8 च्या खाली तासाला 1. पिशव्या आल्यावर अर्धा तास तळ्यावर तरंगवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या.

पहिल्या पिकाला चौरस मीटरला 20 पुरे, म्हणजे 40 हजार. सत्तर टक्के जगली आणि 15 ग्रॅमवर काढली, तर सव्वाचार क्विंटल माल आणि सहा क्विंटलच्या आसपास खाद्य. एक अश्वशक्तीचे दोन एअरेटर लागतात. पहाटे ऑक्सिजन 4 मिग्रॅच्या खाली गेला, तर त्या एका रात्रीत पीक जातं. म्हणून जनरेटर घेतल्याशिवाय बी घेऊ नका. वीज गेल्यावर भाड्याचा शोधायला वेळ नसतो. फेब्रुवारीच्या शेवटी सोडून जूनमध्ये काढा. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने खारटपणा चढतो, तो बघत राहा.

पीक काढल्यावरचं पाणी हा यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. ते ओढ्यात, कालव्यात, कृष्णेत सोडायचं नाही. क्षारपडीने तुमचं रान घालवलं, तेच तुम्ही खालच्या गावाचं कराल. एकूण जागेच्या पाचवा हिस्सा गाळ बसवण्याचं तळं म्हणून ठेवा, पाणी त्यात निवळू द्या आणि पुढच्या पिकाला परत घ्या. पोटॅशही वाचतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाइपला दुहेरी जाळी हवी, परदेशी कोळंबी नदीत जाता कामा नये. किनाऱ्यावरची नोंदणी तुमच्या जागेला लागू नसली, तरी राज्याच्या मत्स्य खात्याची लेखी परवानगी आधी घ्या. बोर्डावर ‘मीनुगारिके इलाखे’ असं लिहिलेलं कार्यालय तेच.

प्रश्न : कोळंबीच्या हॅचरीत मादीचा एक डोळा कापतात, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि कशासाठी?
— एक वाचक, खडक गल्ली, बेळगाव

उत्तर : खरं आहे. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते. ती अंडाशय वाढू न देणारं संप्रेरक सोडते. समुद्रात दिवस, खोली, तापमान, खाणं अनुकूल झालं की हा लगाम आपोआप ढिला होतो. टाकीत होत नाही. एका बाजूचा देठ चिमटून किंवा बांधून काढला की संप्रेरक निम्मं होतं आणि आठवडाभरात मादीच्या पाठीवरून हिरवट अंडाशय दिसायला लागतं.

याची किंमत मादी मोजते. ती वारंवार अंडी घालते, पण शरीरातला साठा तेवढ्या वेगाने भरत नाही, म्हणून अंड्यांची प्रत उतरत जाते आणि दोन-तीन महिन्यांत तिला बदलावं लागतं. देठ न कापता काम होतं का, यावर गेल्या काही वर्षांत गंभीर संशोधन झालं आहे. व्हॅनामीच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे : टाकीत माद्या थोड्या जास्त ठेवायच्या, समुद्री कृमी आणि माकुलीचं खाणं वाढवायचं, उजेड मंद ठेवायचा. काही प्रयोगांत देठ न कापलेल्या मादीची पिल्लं रोगाला जास्त टिकली. आमच्या मते बी घेणाऱ्या शेतकऱ्याने हॅचरीला हा प्रश्न विचारायला हवा. ग्राहकाने विचारल्याशिवाय पद्धत बदलत नाही.

टायगर कोळंबीत मात्र हे अवघड आहे. तिच्या मादीची बीजपिशवी बंद असते आणि कात टाकल्यावर ती मऊ असतानाच मीलन होतं. देठ न कापता तिला टाकीत अंड्यावर आणणं अजून नेहमीचं झालेलं नाही.

प्रश्न : निपाणीजवळ प्लास्टिकचं शेततळं आहे. चोणक गोड्या पाण्यात जगतो म्हणतात. सोडला तर पुढच्या वर्षी बी आपल्यालाच मिळेल का?
— एक वाचक, सौंदलगा (ता. निपाणी)

उत्तर : जगतो आणि वाढतोही. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडे गावतळ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात, तिकडे त्याला जिताडा म्हणतात. पण बी मिळणार नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. अंडी घालायला त्याला 28 ते 32 पीपीटीचं पाणी लागतं. दुसरं असं की हा मासा आधी नर असतो. तीन-चार वर्षांनी नर म्हणून पिकतो आणि पुढे बराच मोठा झाला की मादी होतो. किलो-सव्वा किलोला तुम्ही विकाल तेव्हा तळ्यात एकही मादी नसेल.

हॅचरीचं बी मिळतं, कारण चेन्नईच्या सीबा संस्थेने 1997 मध्ये याचं प्रजनन टाकीत जमवलं. मोठी मादी पकडून बारीक नळीने अंडं काढून मोजतात. 0.45 मिलिमीटरच्या वर असेल, तरच संप्रेरक देतात. त्याआधी दिलं तर अंडी फुकट जातात. तुम्हाला हे करायचं नाही, पण बी का महाग आहे ते यावरून कळेल.

तुमच्या हातातलं काम म्हणजे प्रतवारी. दोन ते दहा सेंटिमीटरच्या काळात चोणक आपल्या लांबीच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंतचा भाऊ गिळतो. दहा दिवस प्रतवारी केली नाही, तर हजारातले दोनशे उरतात आणि ते दोनशे मस्त दिसतात, म्हणून नुकसान लक्षात येत नाही. दहा सेंटिमीटरच्या पुढची बोटुकली, गोड्या पाण्याला सरावलेली, एकसारख्या मापाची घ्या. हापात (तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवून आठवड्याला मोठे-लहान वेगळे करा. एअरेटर नसेल तर चौरस मीटरला एकापेक्षा जास्त नको. 40 ते 45 टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य लागतं. किलो माशाला दीड ते पावणेदोन किलो धरा. थंडीत तो खाणं कमी करतो, तेव्हा खाद्य ओतत राहू नका. वाया जाणारं खाद्य तळाशी कुजतं.

खाडीतून पकडलेलं जंगली बी कोणी स्वस्तात देत असेल, तर घेऊ नका. त्या जाळ्यात चोणकाच्या एका पिल्लामागे दुसऱ्या माशांची कितीतरी पिल्लं मरतात.

प्रश्न : पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तरी कॅम्पातल्या मार्केटात मासळी असतेच. ती कुठून येते? आणि गाबोळीचा मासा घेणं चुकीचं आहे का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी यांत्रिक बोटींना असते. पारंपरिक होड्यांना मुभा आहे, शीतगृहातला माल असतो आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते, तिकडूनही येतो.

बंदी याच महिन्यांत का, तर तारली-बांगड्यासारख्या कितीतरी माशांचा अंडी घालण्याचा काळ पावसाळ्यात येतो. गाबोळीचा एखादा मासा घेण्याने समुद्र ओस पडत नाही. जास्त नुकसान बारीक माशांनी होतं. तारली साधारण 15 सेंटिमीटरची झाली की पहिल्यांदा अंड्यावर येते. केरळने विक्रीसाठी 10 सेंटिमीटरची किमान मर्यादा घातली आहे, बांगड्याला 14. म्हणजे कायद्याची मर्यादासुद्धा ढिलीच आहे. मधल्या बोटाएवढी तारली म्हणजे एकदाही अंडी न घातलेली. ती टोपलीत दिसली तर घेऊ नका आणि का घेत नाही ते विकणारीला सांगा. ही बारीक तारली बहुतेक फिशमील (माशांची भुकटी) कारखान्यात जाते आणि तिचंच खाद्य वर सांगितलेल्या कोळंबीला, चोणकाला मिळतं. मत्स्यशेतीमुळे समुद्रावरचा भार कमी होतो असं म्हणताना हा भाग विसरू नये.

कुर्ली घेताना मात्र पोटाची झापडी उचलून बघा. बाहेर अंड्यांचा घोस लोंबत असेल तर सोडा. ती लाखो अंडी दहा-बारा दिवसांत फुटणार असतात.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे. या विषयात शिकायचं तर कुठे?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : मत्स्यविज्ञानाची पदवी चार वर्षांची असते. मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय 1969 चं, देशातलं पहिलं. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. जीवशास्त्रातली पदवी झाली असेल, तर कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा पदव्युत्तर विभाग कारवारला आहे, आणि पुढच्या शिक्षणाला मुंबईची सीआयएफई.

प्रश्न : घरी समुद्री टाकीत क्लाऊनफिशची जोडी आहे. अंडी घालते, आठवड्याने फुटतात, पण सकाळी एकही पिल्लू नसतं. मिठाचा खर्च वाचवायला किराणा दुकानातलं जाडं मीठ वापरू का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : मिठाचं आधी. जाडं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. शेडबाळच्या उत्तरात पोटॅशियमचं जे सांगितलं, तेच इथे. ॲक्वेरियमचं समुद्री मीठ आरओच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास घाला आणि मीटरने मोजा.

पिल्लं दिसत नाहीत, कारण ती फिल्टरमध्ये ओढली जातात किंवा आई-बापच खातात. अंडी पहिल्या दिवशी नारिंगी, मग काळपट, आणि सहाव्या-सातव्या दिवशी प्रत्येक अंड्यात दोन रुपेरी डोळे चमकताना दिसतात. त्या संध्याकाळी तयारीत राहा. 27-28 अंश पाण्यात ती दिवा विझवल्यावर तास-दोन तासांत फुटतात, अंधाराशिवाय नीट फुटत नाहीत. फिल्टर बंद करा, तासाभराने टाकीच्या एका कोपऱ्यावर टॉर्च धरा. पिल्लं उजेडाकडे जमतात. जाळीने उचलू नका, हवा लागली की मरतात. वाटीने पाण्यासकट काढा. अंडी दगडावर किंवा कौलावर असतील, तर दुपारीच ते कौल पिल्लांच्या टाकीत हलवणं त्याहून सोपं. बाप पंखांनी अंड्यांवर पाणी वारतो, ते काम तिथे हवेच्या बारीक बुडबुड्यांना द्या.

पिल्लांची टाकी 20-30 लिटरची, त्याच पाण्याने भरलेली, बाजूंना काळा कागद लावलेली. पहिला आठवडा फक्त रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म जीव), मिलिलिटरला दहाच्या आसपास, आणि पाणी फिकट हिरवं दिसेल इतकं नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शेवाळ. नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. रोटिफर अंडी घातल्यावर शोधायला लागतात. त्याचं कल्चर महिनाभर आधी, दोन वेगळ्या डब्यांत चालू हवं, कारण एक डबा कधीतरी कोसळतोच. आर्टेमिया पहिल्या दिवशी दिली तर ती तोंडात मावत नाही आणि पिल्लं भरल्या टाकीत उपाशी मरतात. ती पाचव्या-सहाव्या दिवसापासून, थोडी थोडी. दहा ते पंधरा दिवसांत डोक्यामागे पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्लं तळाकडे उतरतात. रोज तळ नळीने ओढून घ्या आणि दहा टक्के पाणी थेंबाथेंबाने बदला. अमोनियाचं किट नसेल तर आधी ते विकत घ्या.

सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) मंडपम आणि विळिंजमला क्लाऊनफिशची पैदास जमवली आहे, त्यामुळे टाकीत जन्मलेली जोडी आता मिळते. नवी जोडी घ्यायची वेळ आली, तर दोन लहान पिल्लं, एक थोडं मोठं, अशी घ्या. मोठं आहे ते मादी होईल आणि छोटं नर राहील. मादी मेली तर नरच मादी होतो, तेव्हा त्याला लहान जोडीदार द्या. बरोबरीचा दिलात तर मारामारी होते.